उचललेला बेलभंडार

"उचल बेलभंडार," कुशाबा म्हणाला.

भैरोबाच्या देवळात पंच बसले होते. रत्नाबाईने एकवार नवऱ्याकडे पाहिलं. नवरा तरी कसला, काडीमोड होऊन वर्ष उलटलं होतं. ती कोळवणच्या वरच्या वाडीत माहेरी राहायची, आणि लहानगी जया तिच्याजवळ. तिला जयाला देवी टोचून घ्यायच्या होत्या. कुशाबा म्हणे, आमच्या घराण्यात देवीच्या कामात सुई घालत नाहीत, पोरीवर कोप होईल. शेवटी हैबतराव पाटलांनी निवाडा दिला. पोर आईकडेच राहील, पण औषधपाणी बाप म्हणेल तसं. शब्द मोडला, तर पोर बापाच्या घरी.

रत्नाबाईने बेल आणि भंडारा ओंजळीत घेतला. "पोरीला सुई लागू देनार न्हाई," ती म्हणाली. खरं सांगायचं तर देवीच्या कोपाचं कुशाबाला फारसं काही नव्हतं. जन्मात एकदा तरी ह्या बाईने आपल्यापुढे मान तुकवावी, एवढंच त्याला हवं होतं. ते मिळालं, आणि घशाखाली उतरेना.

चैत्रात भुकूमकडे देवीची साथ आली. काही घरांतली पोरं गेली. कुशाबाची झोप उडाली. पंचांपुढे जाऊन 'चुकलो, टोचा पोरीला' म्हणावं, तर आपलीच थुंकी गिळायची. भावकी तोंडावर हसली असती. मग त्याने पळवाट काढली; असली माणसं काढतातच. पौडला जाऊन त्याने देवी टोचणाऱ्या डॉक्टरला गाठलं.

"कोळवणच्या वर वाडी हाय, तितलं शेवटचं घर. जया नावाची पोर हाय, तेवढी टोचा. पर मी धाडलं म्हून सांगू नका."

"आईची तयारी आहे का?"

"त्यापायीच तर भांडली माझ्याशी," कुशाबा म्हणाला.

परतताना त्याला जरा हलकं वाटलं. रत्ना ही संधी सोडायची नाही. आपण पूर्व म्हटलं की पश्चिमेला तोंड करणारी बाई ती. संसार मोडला तो तिच्या न ऐकण्यापायी, आणि आता त्याच न ऐकण्यावर त्याची सारी भिस्त होती. तिने शपथ मोडल्याचं कुणी कानावर घातलंच, तर आपण बहिरं व्हायचं, हेही त्याने ठरवून टाकलं.

महिना सरायच्या आत तो वाडीवर निघाला. पोरीला परकर न्यायचं निमित्त. तिचा दंड बघायचा, खपली धरली का बघायचं, आणि मुकाट परतायचं.

दारावर कडुलिंबाचा डहाळा टांगलेला होता. घरात देवी आल्याची ती खूण. कुशाबा अंगणातच थबकला. आतून जयाचं कण्हणं ऐकू येत होतं. हे आपण केलं, एवढंच त्याला कळत होतं.

रत्नाबाई बाहेर आली आणि उंबऱ्यात वाट अडवून उभी राहिली. डोळे खोल गेले होते. परकराकडे तिने पाहिलंही नाही. हा पोर न्यायला आलाय, ही एकच धास्ती तिच्या चेहऱ्यावर होती.

"टोचणारा... आला न्हवता?" त्याने कसंबसं विचारलं.

"दोनदा आला," ती हात जोडून घाईघाईने म्हणाली. "दोन्ही डाव मी पोरीला भाताच्या कणगीत लपवलं. भैरोबाची आन, सुई लागू दिली न्हाई. तुमचा शब्द पाळलाय म्या. आता पोर तेवढी माझ्याकडनं नेऊ नका."