चाचणीचा तास

“आता बाईमाणूस पाठवायला लागलात?” रस ब्रॅनिगन दारातच कडाडला. “लाज म्हणून उरली नाही!”

फ्लॅगस्टाफमधली पहाटेची कोरडी थंडी घरात घुसत होती. पायरीवर निळ्या कोटातली एक बाई उभी होती, एका हातात ओळखपत्र, दुसऱ्या हातात पेटी. तिने तोंड उघडलं. पण रसच्या रागाला मध्येच थांबायची सवय नव्हती.

“मर्ल कुठाय? तो म्हातारा निदान भिंतीकडे बघितल्यासारखं तरी करायचा. पुरुषाची लघवी घ्यायला पुरुषच हवा, हा तुमचाच नियम ना? का माझ्यापुरता बदलला?”

“मिस्टर ब्रॅनिगन, माझं नाव लव्हॉन. मी—”

“आत या आधी. ऊब जातेय सगळी.”

राग कितीही असला तरी हाडात शिस्त मुरलेली होती. पैसे घेऊन मॅरेथॉन पळणाऱ्याच्या दारात उत्तेजक औषधं घेतली का ते तपासणारे हे लोक न कळवता येतात. दिवसातला एक तास त्यांना आधी सांगून ठेवायचा आणि त्या तासात सांगितल्या जागी सापडायचं. नाही सापडलं की चूक जमा. चुका साठल्या की धावणं बंद. रसचा तास पहाटेचा. तेवढा वेळ तो स्वयंपाकघरात बसून जगावर चिडायचा. बूटवाल्या कंपनीने डिसेंबरात करार संपवला, तेव्हा त्याने आपल्या सगळ्या बुटांवरचं तिचं चिन्ह काळ्या शाईने खोडलं, आणि पळत राहिला त्याच बुटांत, कारण दुसरे पायाला चावायचे. ऑलिंपिकच्या निवड शर्यतीतले पहिले तिघे पुढे जातात. रस चौथा आला होता. त्या तिसऱ्याचं नाव या घरात काढलेलं चालत नसे. पण त्याने राग कधी वाया जाऊ दिला नाही. रोजचे मैल तो त्याच्यावरच काढायचा.

नव्या वर्षापासून मात्र दार वाजलंच नव्हतं. दुसरा एखादा खूश झाला असता.

“दबा धरून बसलेत,” रस बायकोला सांगायचा. “मी गाफील व्हायची वाट बघतायत.”

कोरिन रात्री फोनवर उद्याचा ठावठिकाणा भरता भरता मान हलवायची. दिवसा ती दातांच्या दवाखान्यात काम करायची आणि उरलेल्या वेळात तीही पळायची. मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर कॅलिफोर्नियातल्या एका मॅरेथॉनमध्ये ती तिसरी आली. रसने कौतुक केलं, नाही असं नाही. मग वारा पाठीमागून होता आणि रस्ता उताराचा होता, हेही तिला नीट समजावून सांगितलं.

आता त्याने टेबलावरची कपबशी बाजूला सारून लव्हॉनच्या पेटीला जागा करून दिली.

“उठल्यापासून अडवून धरलंय,” तो गुरगुरला. “काढा तुमचं भांडं. आणि साहेबांना सांगा, रस ब्रॅनिगन अजून पळतोय. पुढच्या निवड शर्यतीत पहिल्या तिघांत दिसेन, तेव्हा बघू ते बूटवाले कुणाचा करार मोडतात.”

“मिस्टर ब्रॅनिगन,” लव्हॉन म्हणाली, “तपासायच्या यादीतून तुमचं नाव जानेवारीतच काढलं. मी तुमच्या मिसेससाठी आलेय.”

रस हसला. अगदी मनापासून हसला.

“अहो, ती लोकांचे दात साफ करते!”

“हो. आणि पळतातही.”

कोरिन दारात येऊन उभी होती. केस विस्कटलेले, गुडघे एकमेकांवर दाबलेले. उठल्यापासून तिनेही अडवून धरलं होतं.

“तुला माहीत होतं?” रस म्हणाला.

“तुझे ईमेल मीच वाचते ना.”

“मग रोज रात्री फोनवर काय भरत होतीस?”

“माझं.”

“आणि नवऱ्याला सांगायचं सुचलं नाही?”

“दोन-तीनदा तोंड उघडलं होतं. पण तू असा रंगात येऊन चिडत असायचास. म्हटलं, हेही गेलं तर पळशील कशावर?”

रसने टेबलावर हात आपटला. चमचे उडाले.

“माझंही घ्या!” तो लव्हॉनवर ओरडला. “आलाच आहात तर न्या. तयार आहे!”

“नाही घेता येत.”

“का नाही? मी काहीबाही घेत नसेन कशावरून? तपासून तर बघा!”

“तुमच्यावर कुणाचा संशय नाही हो,” लव्हॉन समजुतीने म्हणाली.

इतकं झोंबणारं त्याला आजवर कुणी बोललं नव्हतं. ती चौथी जागासुद्धा इतकी झोंबली नव्हती.

दोघी बाथरूममध्ये गेल्या. नियमाप्रमाणे दार उघडंच राहिलं. बराच वेळ गेला. आतून काही आवाज येईना. रस बोळात येऊन दाराकडे पाठ करून उभा राहिला. हाताची घडी घातली. सोडली. पुन्हा घातली.

“नळ सोड!” त्याने हुकूम केला. “पाणी पी अजून. खांदे सैल सोड. पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं. माझं ऐक, उगाच जोर करू नकोस, मी सांगतो तसं—”

“रस!”

हा सूर त्या घरात आजवर एकट्या रसचाच होता. त्याने दचकून वळून बघितलं.

“तू बाहेर जा,” आतून कोरिन म्हणाली. “तू असा डोक्यावर उभा असलास की मला काही होत नाही.”