निळी चाल

मबार्का मावशी खुर्चीतून उठली आणि अनसच्या तोंडावर लॉटरी लागल्याचं हसू पसरलं. कासाब्लांकातल्या त्या सभागृहात भरदुपारी प्रयोग चालला होता, परदेशी महोत्सवासाठी कलाकार निवडायला आलेल्या मोजक्या पाहुण्यांसमोर. रंगमंचावर घिता, अनस आणि त्यांचे दोन लॅपटॉप. स्पीकरमधून मात्र गेंब्री ऐकू येत होती, जाड तारांचं ते जुनं वाद्य, घिताच्या मामाच्या हातचं. मामा आता हयात नव्हता. भावाचं वाजवणं पुन्हा ऐकायला मिळेल, असं सांगून घितानंच मावशीला आग्रहानं आणलं होतं.

मावशीनं पिशवीतून निळी ओढणी काढली, डोक्यावरून तोंडापर्यंत ओढली आणि घुमायला लागली. ही निळी चाल तिचीच होती. मामानं ती धरली की मावशीच्या अंगात यायचंच. पाहुण्यांचे मोबाईल वर झाले. म्हातारी बाई डोळ्यांदेखत भान हरपत होती आणि हे लोक वाढदिवसाचा केक कापला जात असल्यासारखे खुशीत होते.

"अनस, आज चाल मध्येच कापायची नाही," घिता कुजबुजली.

"वेडी आहेस का? ह्याच जागेवर तर कापतो आपण."

"ती शांत होईपर्यंत चाल थांबवत नाहीत. तुला काय नवीन सांगायचं? तुझी आजीही घुमायची."

"आजी घरात घुमायची. हे महोत्सवात जाणार आहे."

आणि त्यानं कापली.

मध्येच सपकन पडणारी शांतता हीच तर त्या दोघांची ओळख होती. तिच्यावर लेख आले होते. त्या शांततेत मावशी धाडकन गुडघ्यांवर आली. बोटं वाकडी, जबडा आवळलेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई तर डोळे पुसत होती, दुसऱ्या हातातला मोबाईल जराही न हलवता.

घिता खाली धावली, तिनं मावशीला धरलं.

"पुढे वाजव," मावशी दातांतून म्हणाली. "इथं नको सोडू गं मला. पुढे ने."

घिता धडपडत परत लॅपटॉपशी आली. "अनस, पूर्ण चाल आहे तुझ्याकडे?"

"माझ्याकडे कुठून असणार? तूच एवढा तुकडा दिलास."

मामानं तिच्या रेकॉर्डिंगसाठी निळी चाल सबंध वाजवली होती, एका बैठकीत, घामाघूम होऊन. तिनं पहिल्या अल्बमसाठी ती अर्धी केली, दुसऱ्यासाठी आणखी छाटली. दर वेळी छाटलं तसं कौतुक वाढलं. आता उरला होता एका श्वासात संपणारा तुकडा, गोल गोल फिरणारा. बाकीचं तिनं कचरा म्हणून पुसून टाकलं होतं. कचरा हा तिचाच शब्द. तिला स्वतःच्या हातांची किळस आली.

काहीतरी वाजायला तर हवं होतं. तिनं तोच तुकडा पुन्हा सोडला.

मावशी उठली. चाल चढली, वळणापाशी आली आणि मागे फिरली. मावशीचं पाऊलही पुढे पडता पडता मागे आलं. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच. ओढणी घामानं गालाला चिकटली, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला, पण चाल तिला कुठंच पोचू देईना. थांबवावं तर ती पुन्हा कोसळणार. घिताचं बोट बटणावरच राहिलं.

पुढच्या रांगेतला एक गृहस्थ झुकून म्हणाला, "अप्रतिम. किती वेळ चालतं हे?"

अनस गोड हसला. "तुम्ही म्हणाल तितका वेळ."