सायकल वर आणली

“युट्रेक्टमध्ये चोरांचा सुळसुळाट झालाय, सायकल वर घरात आणत जा,” लीस्बेट नवऱ्याला रोज बजावायची.

“आणि कुशीत घेऊन झोपू?” योस्ट हसण्यावारी न्यायचा.

आज सकाळी खाली कठड्याला बांधलेल्या काळ्या सायकलच्या कुलपात त्याची किल्ली शिरेना. “लेकाच्यांनी कुलूपच बिघडवलं!” म्हणत त्याने साखळी कापली. शेजारच्या डिर्ककाकांनी सायकल धरून ठेवत चोरांना शिव्या हासडल्या. मग धापा टाकत त्याने ती तिसऱ्या मजल्यावर चढवली. “घे बाई, तुझंच खरं!”

लीस्बेटने बाल्कनीचा पडदा सारला. “अद्दल घडावी म्हणून तुझी मी कालच वर आणून लपवलीय… मग ही कुणाची?”



खालून तळमजल्यावरची मुलगी रडवेल्या आवाजात विचारत होती, “डिर्ककाका, माझी सायकल कुणी नेली हो?”