उलटं सीट

"आई, लवकर या! तुम्ही आल्याशिवाय आत जायचंच नाही म्हणून ती हटून बसलीय!" जावयाचा आवाज फोनमधून नुसता उड्या मारत होता.

टेलरकाकूंनी अर्धा शिवलेला झगा सुईखाली तसाच सोडला, सापडल्या त्या चपला पायांत सरकवल्या आणि कोपऱ्यावरच्या सायकल स्टँडकडे धाव घेतली. रस्ता खोदल्यापासून रिक्षा इकडे फिरकत नव्हत्या. पण भाड्याची सायकल होती ना! मोबाईल टेकवला की कुलूप टक्कन उघडतं, आणि दवाखान्यासमोरच्या स्टँडवर सोडून दिली की झालं. लेकीचं पहिलं बाळंतपण! काकूंचा आनंद पोटात मावत नव्हता.

स्टँडवर पोचल्या आणि जागीच थबकल्या. झाडून सगळ्या सायकलींची सीटं उलटी.

बिघडलेल्या सायकलचं सीट मागे फिरवून ठेवायचं, म्हणजे पुढचा माणूस फसत नाही, अशी तिथली पद्धत. काकूंनी तिचा भलताच उपयोग करून घेतला होता. कडेची झकास सायकल सकाळी आपल्यालाच मिळावी, म्हणून त्या रोज संध्याकाळी गुपचूप तिचं सीट उलटं करून येत. आज ती नेमकी जागेवर नव्हती. बाकीच्यांत खरी आजारी कुठली आणि सोंग घेतलेली कुठली, देव जाणे!

त्यांनी एकीचं पेडल दाबलं, ते नुसतंच गरगर फिरलं. दुसरीच्या चाकात हवाच नव्हती. तिसरीचं सीट सरळ करायला गेल्या, तर ते दांड्यासकट हातात आलं आणि दोन्ही तळवे ग्रीसने माखले. काकूंना रडू फुटायचंच बाकी राहिलं.

तेवढ्यात समोरच्या इमारतीतले कॅशियरसाहेब बँकेत जायला निघाले. थेट मधल्या सायकलीपाशी आले आणि तिचं सीट फिरवू लागले.

"ती चांगली आहे?" काकू ओरडल्याच.

"ठणठणीत आहे," साहेब ओशाळून म्हणाले.

"म्हणजे तुम्हीसुद्धा?"

"आता काय सांगू! तुम्हाला रोज गॅलरीतून बघायचो. म्हटलं, आपणही करावं. मग हळूहळू सगळ्यांनीच उचललं."

काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण लाजायला सवड कुणाला होती! "साहेब, माझी पोर बाळंत होतेय हो!"

"मग बघताय काय? घ्या ही, पळा!"

काकू सुटल्या. उतारावर ब्रेकला बोटसुद्धा लावलं नाही. "सरका, सरका, आजी येतेय!" म्हणून ओरडत होत्या, आणि रस्त्यावरची अनोळखी माणसंही हसत बाजूला होत होती.

दवाखान्यात लेक प्रसूतिकक्षाच्या दारात उभी होती, दोन्ही हातांनी चौकट घट्ट धरून. नर्स समजावून समजावून थकली होती.

"आई! अगं, हात बघ तुझे, काळेकुट्ट झालेत!"

"आहेत तसे धर." काकूंनी धापा टाकत दोन्ही हात पुढे केले.

लेकीने चौकट सोडली.