दहा पॉइंट तीन

“तुझ्यापुरती वेगळी पृथ्वी आणलीस का गं?” भौतिकशास्त्राच्या सरांनी तिचं जर्नल सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं. “एकोणचाळीस जणांचं उत्तर नऊ पॉइंट आठ. आणि बाईसाहेबांचं दहा पॉइंट तीन.”

प्रयोगशाळेत हशा पिकला. ती टेबलाची कड धरून उभी राहिली. दर तासाला काही ना काही विचारते म्हणून सरांनीच तिचं नाव शंकासुर पाडलं होतं, आणि वर्गाला तर निमित्तच हवं असायचं.

“सर, मी पाच वेळा मोजलं.”

“म्हणजे पाच वेळा चुकलीस.”

प्रयोग तसा सोपा. दोऱ्याला लोखंडी गोळा टांगायचा, लांबी मोजायची, वीस हेलकाव्यांना किती सेकंद लागतात ते बघायचं. सूत्रात आकडे घातले की पृथ्वीची ओढ किती ते कळतं. पुस्तकात नऊ पॉइंट आठ आहे, तर प्रयोगातही तेवढंच यायला हवं. सरांनी तिच्या पानावर लाल शाईनं ‘निष्काळजीपणा’ असं लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

“उद्या बाहेरचे परीक्षक येणार आहेत. त्यांच्यासमोर शाळेचं नाक कापू नकोस. मागच्या बाकावर बस आणि हे नीट करून आण, त्याशिवाय सही मिळणार नाही.”

सही नाही म्हणजे उद्या परीक्षेलाही बसायचं नाही. ती जर्नल घेऊन मागे जाऊन बसली. घंटा झाली, बाकीची मुलं दप्तरं उचलून पळाली.

पोरीचं नेमकं कुठे चुकलं ते शोधून तिच्या पदरात घालावं, म्हणून सर तिच्या टेबलाशी आले. गोळा अजून लटकतच होता. पट्टी लावली, लांबी साठ सेंटिमीटर. गोळा सोडला, वीस हेलकावे मोजले, तीस पॉइंट तीन सेकंद. कागदाच्या कोपऱ्यावर गणित केलं. दहा पॉइंट तीन. छे, झालं असेल काहीतरी, म्हणून पुन्हा मोजलं. पुन्हा दहा पॉइंट तीन. हा प्रयोग याआधी स्वतःच्या हातानं कधी केला होता, ते काही त्यांना आठवेना.

शिपाईमामा स्टॉपवॉच गोळा करत आले. सरांच्या हातातली पट्टी बघून म्हणाले, “या पट्टीचं काय खरं आहे सर. टोकाला कुसळं निघत होती, पोरांच्या बोटात जायची. तुम्हीच म्हणालात, कापून टाका. मग मी सुताराकडून कापून, वर पत्रा ठोकून आणली. झाली की त्याला आठ वर्षं.”

सरांनी पट्टी खिडकीपाशी नेली. पत्र्याच्या टोकापासून दहाच्या आकड्यापर्यंतचं अंतर बोटांत धरून पट्टीच्याच मधल्या भागावर लावून पाहिलं. सात सेंटिमीटर. तीन गायब. पट्टीवर साठ दिसतं तेव्हा खरी लांबी सत्तावन्नच.

शाळेत मीटरपट्टी ही एकच. त्या पट्टीनं मोजून नऊ पॉइंट आठ येणं शक्यच नव्हतं, आणि आठ वर्षं सगळ्यांचं नऊ पॉइंट आठच येत होतं. प्रत्येक पानाखाली सरांची सही. म्हणजे कुणी मोजलंच नव्हतं. मोजतील कशाला? पहिल्याच तासाला सर डोळे मिचकावून सांगायचे, आधी उत्तर लिहा, मग मागे मागे जात आकडे भरा, आणि दशांशात थोडं इकडेतिकडे करा म्हणजे खरं वाटतं. या असल्या युक्त्यांपायी तर पोरं त्यांच्यावर जीव टाकायची.

सरांना लाज वाटली. मामांकडे बघवेना. आणि खोटं कशाला सांगा, पहिला विचार आला तो पट्टी कपाटामागे ढकलून द्यायचा. हात तिकडे वळलाही होता. तेवढ्यात मागच्या बाकावरून रबर घासल्याचा आवाज आला.

ते पट्टी घेऊनच तिच्याकडे गेले. ती चटकन उभी राहिली आणि तिनं जर्नल पुढे केलं.

“झालं सर.”

पाचही ओळी खोडून नव्यानं लिहिलेल्या. एकतीस पॉइंट एक, एकतीस, एकतीस पॉइंट दोन. दुसऱ्या ओळीत तर रबरानं कागदाला भोक पडलं होतं. उत्तर नऊ पॉइंट आठ.

“हे आकडे कुठून आणलेस?”

“उत्तर आधी लिहिलं,” ती म्हणाली. “मग मागे मागे गेले. तुम्ही सांगितलं होतं तसं.”

वीस वर्षं फळ्यासमोर बोलणाऱ्या माणसाला चार वाक्यं जुळवायला वेळ लागला.

“ऐक बाळ. तुझं आधीचंच बरोबर होतं. ही पट्टी तीन सेंटिमीटर आखूड आहे. मीच कापायला लावली होती आणि विसरून गेलो. एवढ्या वर्षांत तू एकटीनंच मोजलंस, आणि मी तुलाच सगळ्यांसमोर उभं केलं. चूक माझी आहे.”

ती आधी पट्टीकडे बघत राहिली, मग त्यांच्या तोंडाकडे. तिनं एकदा दाराकडे बघून घेतलं. बाहेर व्हरांड्यात मुलांचा कालवा चालला होता.

“असू दे सर,” ती आवाज खाली आणून म्हणाली. “मी कुणाला नाही सांगणार.”