जुना चष्मा

पाय मोडला होता अण्णांचा, आणि समजूत मात्र तेच लेकीची घालत होते.

"अगं शर्वाणी, चूक माझीच. पाटी असणारच तिथे. मीच न बघता पाय टाकला."

भिंतींवर पाट्या रंगवणं बंद होऊन बारा वर्षं झाली होती. आता प्रत्येक सूचना ज्याच्या त्याच्या चष्म्यातल्या ब्राउझरमध्ये उमटायची. अण्णा पडले त्या वाचनालयाच्या मोडक्या जिन्याची सूचना तर शर्वाणीनेच बनवली होती: 'जिना बंद आहे', लालभडक अक्षरांत, अगदी पायरीसमोर.

तिने उशाजवळचा अण्णांचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्या सूचनेचं पान उघडलं. समोर काहीच नव्हतं. मान वर केली तेव्हा लाल अक्षरं दिसली, पार छताला चिकटलेली. जुन्या ब्राउझरला तिची नवी मांडणी पेललीच नव्हती.

"दिसते का गं पाटी?" अण्णांनी विचारलं.

तिने चष्मा काढून हातात घेतला. नवी पाटी कोणकोणत्या ब्राउझरवर तपासायची, त्या यादीतून हा ब्राउझर तिनेच काढून टाकला होता. 'हे डबडं आता वापरतंय कोण?' असं ती म्हणाली होती, आणि ऑफिसातले सगळे हसले होते.

"चष्म्याला नावं ठेवू नकोस हं," अण्णा घाईने म्हणाले. "तू नवा घेतलास आणि हा मला दिलास, तेव्हापासून एकदाही कुरकुरला नाही. वाचनालयात सगळ्यांना सांगतो मी, लेकीने दिलाय म्हणून."