नोंदीतला प्रत्येक पत्ता

गोपनीयता धोरण, कलम नऊ, पहिला खर्डा: ‘ग्राहकाची माहिती चोरीला गेल्यास त्याला योग्य वेळी कळवू.’

“योग्य वेळी म्हणजे कधी हो साहेब? मुहूर्त बघून?” त्याने विचारलं. पार्सलं पोचवणाऱ्या कंपनीत असली कलमं लिहिणं हेच त्याचं काम होतं. “उद्या आपल्याच घरच्यांची माहिती गेली तर?”

साहेबांनी हात टेकले. “लिही बाबा तुला हवं तसं.”

कलम नऊ, शेवटचा खर्डा: ‘तीन दिवसांत, ग्राहकाच्या नोंदीतल्या प्रत्येक पत्त्यावर, नेमकी कोणती माहिती गेली ते छापून कळवू.’

वर्षभराने खरंच चोरी झाली. कंपनीने शब्द पाळला. दुसऱ्याच दिवशी पत्रं रवाना झाली. त्याला मनातून बरं वाटलं.

त्यानंतर चार दिवसांनी ताईचा फोन आला. नवऱ्याचा मार असह्य होऊन तिने आठ महिन्यांपूर्वी घर सोडलं होतं. ती कुठे राहते, हे भावाशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

“तुमच्या कंपनीचं पत्र आलंय रे. माझा इथला पत्ता चोरीला गेला म्हणे.”

“घाबरू नकोस, ताई. त्या चोरांना तुझ्या पत्त्याशी काय देणंघेणं?”

“चोरांचं सोड रे.” तिचा आवाज एकदम खाली आला. “पत्रात इथला पत्ता अख्खा छापलाय, खोली नंबरासकट. हेच पत्र माझ्या जुन्या घरीही गेलं का?”

कलम नऊ त्याला तोंडपाठ होतं.